शेवटचीं पांच मिनिटें

एकत्र कुटुंबाचें घर मोडतें तेव्हां भांडींकुंडीं, कपाटें आणि देव्हाऱ्यांतील मूर्ति यांना वारस चटकन मिळतात. ग्रामोफोनच्या तबकड्यांना मिळत नाहींत. आमचा सांगलीचा वाडा पाडावयाचें ठरलें त्या वेळीं माळ्यावरून दोन लांकडी पेट्या खालीं आल्या. एकींत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या होत्या, दुसरींत ३३ फेऱ्यांच्या एल्. पी. चुलत भावंडांपैकीं एकानें सुचविलें कीं रद्दीवाल्याला बोलवावें. दुसऱ्यानें ऐकलें होतें कीं हल्लीं मुंबईस यांना मोठी किंमत येते. शेवटीं माझी पुतणी पुढें झाली. तिनें नुकताच नवा रेकॉर्ड-प्लेअर विकत घेतला होता. दोन्ही पेट्या तिच्या पुण्याच्या बिऱ्हाडीं गेल्या, आणि महिन्याभरानें तिचा मला फोन आला. "काका, अमीरखांसाहेबांच्या मारव्याला शेवटीं काय झालें आहे हो? आरंभ इतका स्वच्छ, आणि शेवटचीं पांच मिनिटें अशीं फाटलेलीं कां?"

या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला चाळीसांवर वर्षें ठाऊक होतें. उरलेलें अर्धें तिच्या फोननंतर शोधून काढलें. ज्यांच्या घरीं अशा पेट्या अद्यापि माळ्यावर आहेत, त्या वाचकांना दोन्ही अर्धें उपयोगी पडतील असें वाटल्यावरून हें लिहीत आहें.

आमचे आजोबा वकिली करीत. घरांत आणि गांवांत त्यांना सर्वजण अण्णा म्हणत. तरुणपणीं त्यांनीं मिरजेस अब्दुल करीमखांसाहेबांचें गाणें समोर बसून ऐकलें होतें, आणि त्यामुळें तबकडीवरील गाण्याकडे ते जरा तुच्छतेनेंच पाहत. "तीन मिनिटांत राग तो काय दिसणार? खिडकीच्या फटींतून मिरवणूक पाहावी तसें तें," असें त्यांचें म्हणणें. तें अगदींच खोटें नव्हतें. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गेसबर्ग हा मुद्रणतज्ज्ञ आपलें यंत्र घेऊन कलकत्त्यास आला आणि त्यानें गोहरजानचें गाणें मुद्रित केलें, तेव्हांपासून जवळ जवळ पन्नास वर्षें आमच्या गवयांच्या वांट्याला तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेंच येत. मोठ्या आकाराची तबकडी असली तर फार तर साडेचार. त्यांतलेहि शेवटचे क्षण गोहरजानला स्वतःचें नांव इंग्रजींत उच्चारण्यासाठीं खर्चावे लागत, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं, आणि कोणाच्या नांवाची चिठ्ठी कोठें डकवावयाची हें तेथल्या मंडळींना त्यावरून समजे. कलकत्त्यास सियाल्दा येथें कारखाना निघाला तो १९०८ सालीं.

त्या तबकड्यांत लाख असे, आणि लाखेंत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. ती पूड मुद्दाम घालीत. पोलादी सुई तिच्यावर घांसून खांचेच्या आकाराची व्हावी हा हेतु; म्हणून दर बाजूला नवी सुई लावावी लागे. जुनी तबकडी लावल्यावर चाकूला धार लावणाऱ्याच्या चाकासारखी जी अखंड घसघस ऐकूं येते ती त्या पुडीचीच. असें असूनहि त्या तीन मिनिटांनीं जें केलें तें थोडें नव्हे. भीमसेन जोशी लहानपणीं अब्दुल करीमखांसाहेबांची झिंझोटींतील ठुमरी तबकडीवर ऐकून घराबाहेर पडले, ही हकीकत ते स्वतःच सांगत असत. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी तर १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली. तीहि साडेतीन मिनिटांचीच आहे. आणि ज्या वस्तूवर ती गेली ती वस्तुहि तबकडीच आहे. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, आणि सोबत वाजविण्याची सुई! परक्या ताऱ्यांकडे धाडावयाचें गाणें सुद्धां माणसानें खांचेंत कोरूनच धाडलें, याची अण्णांना फार मौज वाटे.

त्या अण्णांचें मत पालटलें तें लांब पल्ल्याच्या तबकडीनें. २१ जून १९४८ रोजीं न्यूयॉर्क येथें कोलंबिया कंपनीनें ही तबकडी लोकांपुढें मांडली. लाख आणि दगडाची पूड यांच्या जागीं व्हिनाइल हा गुळगुळीत पदार्थ आला, त्यामुळें घसघस गेली. खांच पूर्वींच्या एक तृतीयांशाएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें विसाव्या भागाइतकी अरुंद झाली. फेऱ्या ७८ वरून ३३ वर, नेमकें सांगावयाचें तर ३३ पूर्णांक एक तृतीयांशावर आल्या. या सर्वांचा मिळून परिणाम असा कीं एका बाजूवर वीस-बावीस मिनिटें गाणें मावूं लागलें. हिंदुस्थानी रागाला ही ऐसपैस जागा प्रथम मिळाली ती परदेशांत. १९५५ सालीं अमेरिकेंत अली अकबरखां यांच्या सरोदाची तबकडी निघाली आणि तिच्या आरंभीं येहुदी मेन्यूहिन यांनीं बोलून श्रोत्यांना ओळख करून दिली. पुढें पांचएक वर्षांनीं, १९६० च्या सुमारास, हिज मास्टर्स व्हॉइसनें अमीरखां यांची तबकडी काढली: एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. अण्णांनीं ती १९६२ सालीं पुण्याहून आणली, आणि मिरवणुकीची उपमा त्यांच्या तोंडून पुन्हां कधीं ऐकूं आली नाहीं.

मारवा हा सूर्यास्ताचा राग. पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्ज असा टाळावयाचा कीं ऐकणाऱ्याचा जीव घरीं परतण्यासाठीं तळमळावा. अमीरखांसाहेब झुमऱ्याच्या चौदा मात्रांत तो इतक्या सावकाशीनें उलगडतात कीं एका स्वराजवळून दुसऱ्याजवळ जाण्यापूर्वीं त्यांनीं क्षणभर विचार केला आहे हें आपल्याला जाणवतें. अण्णा ही तबकडी भलत्या वेळीं लावूं देत नसत. तिन्हीसांजा झाल्या, देवापाशीं दिवा लागला, आम्हां मुलांची परवचा आटोपली, कीं ओटीवर सतरंजी पडे. यंत्र साधेंच होतें. चार गतींचें, झांकणांतच लाउडस्पीकर असलेलें. अण्णांना तेव्हां मोतीबिंदु झालेला असल्यामुळें सुई टेंकविण्याचें काम माझ्याकडे असे, आणि त्या अधिकाराचा मला विलक्षण अभिमान होता.

१९७९ च्या दिवाळीची ही गोष्ट. मी चौदा वर्षांचा होतों. मारव्याच्या द्रुतांत एके जागीं सुई अडखळूं लागली; एकच तान पुन्हां पुन्हां वाजे, आणि बोटानें हलका धक्का दिल्याशिवाय पुढें सरकत नसे. सुई झिजली होती हें मला कळलें नाहीं. शाळेंतल्या एका मित्रानें तोड सांगितली, आणि ती त्या काळीं पुष्कळ घरीं चाले: सुईच्या दांड्याच्या टोंकावर एक नाणें ठेवावयाचें. मीं पंचवीस पैशांचें नाणें चिकटपट्टीनें बसवून दिलें. अडखळणें तत्काळ थांबलें. मला स्वतःच्या हुशारीचें कौतुक वाटलें, आणि तें नाणें तेथें सहा महिने राहिलें.

पुढच्या उन्हाळ्यांत एका संध्याकाळीं द्रुत चालू असतां अण्णा एकदम म्हणाले, "खांसाहेबांचा आवाज असा फाटत नसे रे. माझेच कान गेले दिसतात." मी कांहीं बोललों नाहीं. त्याच रात्रीं नाणें काढून टाकलें. आठ दिवसांत खटपट करून नवी सुईहि आणविली. पण फाटलेला आवाज सांधला गेला नाहीं. त्यानंतर अण्णा मारवा ऐकत, मात्र द्रुत सुरू होण्याच्या बेतांत आलें कीं हात वर करीत आणि मी सुई उचलीत असें. "एवढाच आतां मला नीट ऐकूं येतो," असें म्हणून ते आंत जात. १९९१ सालीं ते वारले. मीं त्यांना खरें काय तें शेवटपर्यंत सांगितलें नाहीं.

हें झालें मला ठाऊक असलेलें अर्धें. पण पुतणीनें विचारलेल्या प्रश्नांत एक मेख होती. नाणें तर तबकडीच्या पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत सारखेंच जड होतें. मग आरंभ वांचला आणि शेवट तेवढा गेला, असें कां?

मळणीच्या खळ्यावर मेढीभोंवतीं बैलांची पात फिरते ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांना याचें उत्तर लौकर समजेल. सर्व बैल एका दावणीला बांधलेले, सर्वांची फेरी एकाच वेळांत पुरी होते. पण कडेचा बैल धांवतो आणि मेढीजवळचा जवळ जवळ जागच्या जागीं वळतो. तबकडीचें तसेंच आहे. बारा इंची तबकडीचा बाहेरचा वेढा सुमारें ९२ सेंटिमीटर लांब भरतो, लेबलाजवळचा अवघा ३८. फेरीचा वेळ दोहोंकडे तोच. म्हणून आरंभीं सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खांच सरकते आणि शेवटीं २१. एका सेकंदाच्या गाण्याला आरंभीं जेवढी जागा मिळते, तिच्या निम्म्याहूनहि कमी जागा शेवटीं मिळते.

जागा कमी पडली तर काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. बिघडतें तें असें. गवयाचा मूळ स्वर, तार षड्ज धरला तरी, सेकंदाला कांहीं शेंकडा कंपनांचाच असतो. त्याला पुरेल एवढी जागा आंतल्या वेढ्यांतहि असते. पण स्वराची ओळख त्याच्या अंगच्या सूक्ष्म उपस्वरांवरून पटते. तंबोऱ्याची जवारी, तबल्यावरील 'ना'ची धार, 'स' आणि 'त' या वर्णांचा उच्चार, मोकळ्या आकाराचें तेज, हीं सर्व सेकंदाला कित्येक हजार कंपनांच्या प्रदेशांत राहतात. दहा हजार कंपनांचा ध्वनि घेतला तर बाहेरच्या वेढ्यांत त्याचें एक वळण ५१ मायक्रॉन लांबीचें असतें, आंतल्या वेढ्यांत २१. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आणि साध्या गोल टोंकाच्या सुईची त्रिज्या सुमारें १८ मायक्रॉन! मोठ्या चाकाची गाडी लहान खळग्यांत उतरत नाहीं. ती त्याच्या वरून जाते, आणि गाडी जड असली तर जातां जातां खळग्यांचे कांठ मोडून टाकते. आमच्या मारव्यांत नेमकें हेंच झालें. कडेच्या वेढ्यांतील वळणें लांब आणि सैल होतीं, त्यांनीं माझें नाणें सोसलें. आंतलीं वळणें आंखूड आणि तीव्र होतीं. तीं चिरडलीं गेलीं. सुई आधींच झिजून चपटी झालेली, त्यामुळें ती टोंकाऐवजीं धारेनें चालत होती.

आतां ख्यालाच्या घडणीकडे पाहावें. आरंभीं मंद्र सप्तक, विलंबित लय, स्वरामागून स्वर. मग बढत, मग बोल, मग ताना. शेवटीं द्रुत लय आणि तार सप्तक. जें सर्वांत चपळ, तेजस्वी आणि अवघड तें सर्वांत शेवटीं. तबकडीचा क्रम बरोबर याच्या उलट: उत्तम जागा प्रथम, हलकी जागा अखेर. राग चढत जातो आणि तबकडी उतरत जाते. हा संसार मुळांतच विजोड आहे. यूरोपांतील वाद्यवृंदाचें संगीत मुद्रित करणाऱ्यांनाहि ही अडचण चांगली परिचित होती. राव्हेलचा 'बोलेरो' सुमारें पंधरा मिनिटें सतत वाढत जाऊन अगदीं शेवटच्या क्षणीं परमोच्च गर्जनेला पोंचतो, म्हणजे तबकडीच्या अगदीं आंतल्या कोपऱ्यांत. गाण्यांचे संग्रह काढणाऱ्यांना यांतून वाट होती. दर बाजूचें शेवटचें गाणें हळुवार निवडावें, कीं झालें. ख्यालाचा क्रम मात्र कोणी बदलूं शकत नाहीं. द्रुत आधीं आणि विलंबित मागून, असें कोणीं ऐकलें आहे?

तरीहि त्या तबकडीबद्दल माझी तक्रार नाहीं. उलट, मारव्याचें मुद्रण तिच्या स्वभावाला मानवणारें आहे असें मी म्हणेन. अमीरखांसाहेबांच्या गाण्याचें मर्म विलंबितांत आहे, आणि विलंबितालाच तबकडीचा उत्तम प्रदेश मिळाला आहे. घाईनें ताना फेंकणाऱ्या गवयाची तबकडी ऐकावी म्हणजे हा फरक ध्यानांत येतो.

पुतणीनें पेटींतील एकेक तबकडी काढून मला ऐकविली, तेव्हां हा खळ्याचा न्याय सर्वांना लावून पाहण्याचा मला छंदच लागला. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची. शिवकुमार शर्मा यांचें संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरांतील एका मेंढपाळाचा दिवस तींत पहांटेपासून रात्रीपर्यंत रंगविला आहे. ती सिद्ध करण्यांत ज्यांचा मोठा वांटा होता ते गो. ना. जोशी आमच्या मराठी भावगीतांचे एक आद्य गायक. पुढें हिज मास्टर्स व्हॉइसमध्यें अधिकारी झाले, आणि 'स्वरगंगेच्या तीरीं' हें त्यांचें आठवणींचें पुस्तक मिळाल्यास वाचकांनीं अवश्य वाचावें. या तबकडीची दुसरी बाजू रात्रीच्या पहाडीवर मिटते, म्हणून तिचा शेवट सुखानें लागतो. कथेचा क्रम आणि तबकडीचा क्रम येथें आपोआप जुळले आहेत.

किशोरी आमोणकर यांच्या भूप आणि बागेश्री या तबकडीचें नशीब तितकें चांगलें नाहीं. भूपांतील द्रुत बंदिश महाराष्ट्रांत घरोघर लोकांच्या ओंठीं बसली. आणि ती नेमकी बाजूच्या उत्तरार्धांत, आंतल्या वेढ्यांत आहे. विलंबित वगळून सुई थेट तेथेंच टेंकविण्याचा मोह कोणाला झाला नसेल? मीं पाहिलेल्या चारपांच प्रतींत तो पट्टा डोळ्यांना सुद्धां करडा दिसला. लोकांनीं प्रेम करकरून ती जागा झिजवून टाकली आहे. १९७४ सालीं, शिवराज्याभिषेकास तीनशें वर्षें झालीं तेव्हां निघालेल्या 'शिवकल्याण राजा'ची आमच्या घरची प्रत अशीच ठिकठिकाणीं घांसलेली आहे. पण लता मंगेशकर यांचा आवाज त्या चिटचिटींतूनहि जसाच्या तसा उठून येतो. पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या तबकड्यांची स्थिति याहूनहि वाईट होती. परंतु बोलण्याला उपस्वरांची एवढी गरज नसते. हंशाच्या जागीं हंसूं येतें, आणि तेवढ्यानें काम भागतें.

आतां हल्लीं जो वाद तरुण मंडळींत हटकून निघतो, त्याविषयीं. तबकडीचा आवाज सीडीपेक्षां किंवा फोनवरील गाण्यापेक्षां चांगला असतो काय? मोजमापाचा प्रश्न असेल तर उत्तर सरळ आहे. १९८२ सालीं बाजारांत आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० वेळां ध्वनीची नोंद करते. अगदीं हलका आणि अगदीं मोठा आवाज यांमधील तिचें अंतर सुमारें ९६ डेसिबल भरतें. तबकडीचें साधारणतः ६० ते ७०. आणि गंमत अशी कीं सीडी आंतून बाहेर वाजते, आणि जसजसा वेढा मोठा होतो तसतशी आपली फिरण्याची गति कमी करीत जाते, म्हणजे तिची खळ्यावरची पात सर्वत्र एकाच वेगानें चालते. शेवटचीं पांच मिनिटें हा तिच्यापुढें प्रश्नच नाहीं. शिवाय तबकडीवर खर्जाचे स्वर कोरतांना ते मुद्दाम दाबून कोरावे लागतात, नाहीं तर त्यांचीं मोठीं वळणें शेजारच्या खांचेंत घुसतील. वरचे स्वर वाढवून कोरतात, आणि वाजवितांना यंत्र दोहोंची उलट फेड करतें. १९५४ पासून या फेडीचें एकच प्रमाण सर्व कंपन्यांनीं हळूहळू पत्करलें. तबकडीचा आवाज अगदीं 'नैसर्गिक' असतो असें म्हणणाऱ्यांना ही देवघेव बहुधा ठाऊक नसते.

मग ज्यांना तबकडी अधिक गोड लागते ते सगळे भ्रमांत आहेत काय? तसेंहि नाहीं. जुन्या मुद्रणांच्या कांहीं नव्या आवृत्त्या काढतांना सुसकारा नाहींसा करण्याच्या भरांत तंबोऱ्याची जवारीच पुसली गेली आहे. पार्श्वभूमि स्वच्छ झाली, पण गवयाच्या पाठीमागची भिंत पडली. अशा वेळीं जुनी तबकडी खरोखरच चांगली ठरते. मात्र तें श्रेय व्हिनाइलचें नव्हे, ती कोरणाऱ्या माणसाच्या कानाचें. आम्ही घरीं एकदां परीक्षा घेतली. पडद्यामागें पुतणीनें मारव्याचा आरंभ एकदां तबकडीवरून, एकदां संगणकावरून लावला. आवाजाची पातळी दोहोंची सारखी ठेविली. मी दोन वेळां चुकलों. आमच्या वहिनींनीं मात्र तिन्ही वेळां अचूक सांगितलें, आणि कारण विचारतां म्हणाल्या, "अहो, मध्येंच फोडणीसारखें तडतडतें ना, ती तबकडी." २०२२ सालीं अमेरिकेंत १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षां तबकड्या अधिक खपल्या. त्यांतील किती जणांना वहिनींचे कान लाभले असतील, कोण जाणे.

माळ्यावर पेट्या असतील त्यांच्यासाठीं दोनचार गोष्टी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधींहि लावूं नये. स्पिरिटांत लाख विरघळते आणि गाणें पुसलें जातें. पावसाळ्यांत चढलेली बुरशी शुद्ध पाण्यानें आणि मऊ फडक्यानें खांचेच्या दिशेनें पुसावी. तबकड्या पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या. एकावर एक रचल्या कीं उन्हाळ्यांत त्यांचे पापड होतात. ७८ च्या तबकडीला एल्. पी. ची सुई चालत नाहीं. तिला तिप्पट जाड टोंकाची सुई लागते, नाहीं तर बारीक सुई खांचेच्या तळाशीं घसरत जाते. नीलमण्याची सुई पन्नासएक तासांत झिजते, हिऱ्याची पांचशें ते हजार तास टिकते. आमच्या जुन्या यंत्रांतील सुई नीलमण्याची होती आणि तिचे तास कोणीं मोजले नव्हते. चांगल्या नव्या यंत्रांत सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो. पंचवीस पैशांच्या त्या नाण्याचें वजन अडीच ग्रॅम होतें. हें मीं परवां मुद्दाम पाहिलें.

पुतणीनें हें सगळें ऐकून घेतलें आणि मला दोष न देतां दुसरी प्रत शोधावयास लागली. मुंबईच्या चोरबाजारांत ती मिळाली. द्रुताची जागा कोरी करकरीत, जणूं कोणी तेथपर्यंत ऐकलेंच नव्हतें. पण आरंभीं, विलंबितावरून आडवा गेलेला लांबच लांब ओरखडा. तेव्हां आम्हीं असें केलें. गेल्या कार्तिकांत एका रविवारीं सूर्य मावळतांना अण्णांची प्रत लाविली, आणि अण्णा हात वर करीत त्या जागीं पुतणीनें सुई उचलली. मी दुसरी प्रत पुसून ठेवीत होतों.

आमच्या आत्या त्या दिवशीं तेथेंच होत्या. त्यांनीं शहाऐंशीं वर्षें पुरीं केलीं आहेत. अण्णांच्या मुलांपैकीं आतां त्या एकट्याच. डोळे मिटून बसल्या होत्या, त्या गाणें थांबतांच म्हणाल्या, "कां रे थांबविलेंस?" मग मीं त्यांना सर्व सांगितलें. नाणें, चिकटपट्टी, अण्णांचे शब्द, कांहींहि वगळलें नाहीं. आत्या पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या.

"तेव्हांच सांगायचें होतेंस," त्या म्हणाल्या. "अण्णा वर्षभर मिरजेला कानांच्या डॉक्टरांकडे खेपा घालीत होते."

पुतणी सुई हातांत धरून तशीच उभी होती. आत्यांनीं तिच्याकडे वळून सांगितलें, "लाव पुढचें."